दाहाचा मित्र, आतड्याचा वैरी

सिसिली बेटावरील मेसिना या बंदराच्या गावी १८८२ सालच्या हिवाळ्यात एक सर्कस आली होती. तिच्यातील माकडांच्या कसरती पाहण्यासाठी मेचनिकॉफ कुटुंबातील सारी लहानथोर मंडळी गेली होती. घरी उरले होते ते कुटुंबप्रमुख एली मेचनिकॉफ आणि त्यांचा सूक्ष्मदर्शक. सदतीस वर्षांचा हा रशियन प्राणिशास्त्रज्ञ प्राध्यापकी सोडून समुद्रकाठी येऊन राहिला होता. दिवाणखान्यालाच त्याने प्रयोगशाळा केले होते. काचेखाली होते तारामाशाचे डिंभक, म्हणजे त्याची बाल्यावस्था. हे डिंभक काचेसारखे पारदर्शक असते. त्याच्या पोटात काय चालले आहे ते कापाकापी न करता दिसते.

त्या पारदर्शक देहात काही पेशी इकडून तिकडे सरपटत होत्या. वाटेत आलेले कण त्या गिळताना मेचनिकॉफ यांनी पूर्वीही पाहिले होते. या पेशी अन्न पचवतात, एवढाच त्याचा अर्थ तोवर लावला जात होता. त्या दिवशी त्यांच्या मनात निराळीच कल्पना चमकली. शरीरात शत्रू शिरला, तर याच पेशी त्याच्यावर धावून जात नसतील कशावरून? माणसाच्या बोटात कुसळ गेले की त्याच्याभोवती पू जमतो. पू म्हणजे रक्तातील पांढऱ्या पेशींचाच साठा. मग या इवल्या जिवाला काटा टोचला, तर त्याच्या फिरत्या पेशींनीही काट्याभोवती जमायला हवे. मेचनिकॉफ बागेत गेले. नाताळसाठी मुलांना सजवून दिलेले संत्र्याचे झाड ज्या बागेत होते, तेथूनच त्यांनी गुलाबाचे काही काटे तोडून आणले आणि डिंभकांच्या त्वचेखाली खुपसले. ती रात्र त्यांना झोप लागली नाही. पहाटे त्यांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला, तेव्हा काट्यांभोवती पेशींचा वेढा पडलेला होता.

या साध्या प्रयोगाचे महत्त्व कळण्यासाठी त्या काळची वैद्यकीय समजूत ध्यानात घ्यावी लागते. लाली, सूज, उष्णता आणि वेदना ही दाहाची चार लक्षणे रोमन काळापासून वैद्यांना ठाऊक होती. परंतु दाह म्हणजे शरीराला झालेली इजा, एक आपत्ती, असेच सारे मानत. जर्मन रोगशास्त्रज्ञ कोनहाइम यांनी दाहाचे मूळ रक्तवाहिन्यांच्या भिंतींतील बिघाडात शोधले होते. पुवातील पांढऱ्या पेशींच्या पोटात जंतू दिसत, तेव्हा या पेशीच जंतूंना पाठीवर घेऊन देहभर पसरवतात, असा अर्थ काढला जाई. तारामाशाच्या डिंभकाला तर रक्तवाहिन्याच नसतात. तरीही काट्याभोवती पेशी धावून आल्या होत्या. दाहाचे सार रक्तवाहिन्यांत नसून या भक्षक पेशींत आहे आणि दाह हा रोग नव्हे, तर रोगाला दिलेला प्रतिकार आहे, हा निष्कर्ष त्यांना अटळ वाटला. त्यांचे हे मत ऐकून मेसिनाच्या भेटीस आलेले थोर रोगशास्त्रज्ञ रुडॉल्फ फिर्खो यांनी त्यांना प्रोत्साहन दिले, पण जपून पाऊल टाकण्याचा सल्लाही दिला. परतीच्या वाटेवर व्हिएन्नातील प्राणिशास्त्रज्ञ क्लाउस यांनी या पेशींसाठी ग्रीक शब्द सुचवला : फॅगोसाइट, म्हणजेच भक्षक पेशी.

उतावळा एली

मेचनिकॉफ यांचा जन्म मे १८४५ मध्ये खारकोव्हजवळच्या, आजच्या युक्रेनमधील, एका खेड्यात झाला. वडील शाही रक्षकदलातील अधिकारी, आई ज्यू वंशातील एका लेखकाची कन्या. पाच भावंडांतील हे शेंडेफळ कधी स्वस्थ बसत नसे. आईचा त्याच्यावर विशेष जीव होता. खारकोव्ह विद्यापीठाचा चार वर्षांचा अभ्यासक्रम त्याने दोनच वर्षांत पुरा केला. पुढे जर्मनीतील प्रयोगशाळा पालथ्या घातल्यावर नेपल्सच्या किनारी त्याची अलेक्झांडर कोवालेव्हस्कीशी गाठ पडली आणि सागरी प्राण्यांच्या गर्भविकासाचा अभ्यास दोघांनी मिळून केला. त्याबद्दल १८६७ मध्ये दोघांना मानाचे बेअर पारितोषिक विभागून मिळाले. तेव्हा एलीचे वय होते अवघे बावीस. त्याच वर्षी ओडेसा विद्यापीठात त्याला अध्यापकाची जागा मिळाली. त्याच्या काही विद्यार्थ्यांची वये त्याच्यापेक्षा जास्त होती.

बुद्धी तल्लख, पण स्वभाव कमालीचा हळवा. आयुष्यातील प्रत्येक आघात ते अंतिम समजत. १८६९ मध्ये ल्युडमिला फेडोरोविच हिच्याशी त्यांचा विवाह झाला, तेव्हा वधू क्षयाने इतकी खंगली होती की तिला खुर्चीत बसवून चर्चमध्ये न्यावे लागले. तिला जगवण्यासाठी त्यांनी लेख लिहिले, भाषांतरे केली, उबदार हवेच्या शोधात तिला देशोदेशी नेले. एप्रिल १८७३ मध्ये मदेरा बेटावर ती वारली. मेचनिकॉफ यांचे डोळे तेव्हा इतके दुखत होते की सूक्ष्मदर्शकात पाहणेही अवघड झाले होते. पत्नी गेली, काम थांबले, जगण्याचे प्रयोजन उरले नाही. त्यांनी मॉर्फिनची मोठी मात्रा घेतली. मात्रा प्रमाणाबाहेर झाल्याने उलटी झाली आणि ते वाचले. त्यानंतर जिनिव्हात एका संध्याकाळी रोन नदीच्या पुलावर दिव्याभोवती घिरट्या घालणारे कीटक त्यांना दिसले. काही तासांचेच आयुष्य लाभलेल्या या जिवांना नैसर्गिक निवडीचा नियम कसा लागू होत असेल, या प्रश्नात ते गुंतले आणि मरणाचा विचार मागे पडला. विज्ञानाने माणूस वाचवल्याच्या कथा पुष्कळ आहेत. ही त्यांतली बहुधा सर्वांत अक्षरशः खरी म्हणावी लागेल.

दोन वर्षांनी त्यांनी ओल्गा बेलोकोपितोव्हा या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या कुटुंबातील कोवळ्या मुलीशी विवाह केला. ओल्गा पुढे चित्रकार व शिल्पकार झाली. प्रयोगशाळेत ती पतीला हातभारही लावत असे आणि त्याचे विस्तृत चरित्र शेवटी तिनेच लिहिले. या दांपत्याला मूल नव्हते. मात्र ओल्गाचे आईवडील गेल्यावर तिच्या धाकट्या भावंडांचा सांभाळ मेचनिकॉफ यांच्याकडे आला. मेसिनात सर्कशीला गेलेली मुले होती ती हीच.

पुन्हा एकदा ते मृत्यूच्या दारात गेले, ते १८८१ मध्ये. त्याआधी ओल्गा विषमज्वराने मरता मरता वाचली होती. झार दुसरा अलेक्झांडर यांची हत्या झाली होती आणि विद्यापीठातील राजकारण असह्य झाले होते. मेचनिकॉफ यांनी उलटून उलटून येणाऱ्या तापाच्या रोग्याचे रक्त स्वतःला टोचून घेतले. मरण आले तर निदान हा रोग रक्तातून संक्रमित होतो का, याचे उत्तर तरी मिळेल, असा त्यांचा हिशेब होता. आजार भयंकर झाला, पण ते तरले. त्याच उन्हाळ्यात त्यांचे थोरले बंधू इव्हान इलिच अल्पवयात रोगाने गेले. भावाच्या अंथरुणाशी एली बसून होते. हेच बंधू तॉल्स्तॉय यांच्या प्रसिद्ध दीर्घकथेतील इव्हान इलिचचे मूळ होत. पुढच्या वर्षी मेचनिकॉफ यांनी ओडेसा विद्यापीठाचा राजीनामा दिला आणि मेसिनाची वाट धरली.

पाणपिसू, मेंढ्या आणि पॅरिस

काट्यावरून जंतूंपर्यंत पोचायला त्यांना फार वेळ लागला नाही. १८८४ मध्ये त्यांनी पाणपिसूचे उदाहरण जगापुढे मांडले. तळ्यात राहणाऱ्या या पारदर्शक प्राण्याच्या आतड्याची भिंत भेदून एका किण्वाचे सुईसारखे बीजाणू देहात शिरतात. भक्षक पेशींनी ते गिळून पचवले तर पाणपिसू जगते, नाही तर मरते. आतड्याच्या भिंतीवर चाललेली ही चकमक त्यांनी डोळ्यांनी पाहिली आणि चित्रांसह नोंदवली. पुढील आयुष्यात आतड्याने त्यांना जे पछाडले, त्याची ही पहिली चाहूल म्हणता येईल.

१८८६ मध्ये ओडेसात जंतुशास्त्राची संस्था स्थापन झाली आणि तिची धुरा मेचनिकॉफ यांच्याकडे आली. परंतु ते डॉक्टर नव्हते, प्राणिशास्त्रज्ञ होते. स्थानिक डॉक्टर व अधिकारी त्यांच्या चुका शोधण्यासाठी टपून बसले होते. काळपुळीची लस टोचताना हजारो मेंढ्या दगावल्या, तेव्हा मेचनिकॉफ गावात नव्हते, पण ठपका संस्थेवर आला. त्यांनी परदेशात जागा शोधली. बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख यांनी त्यांचे नमुने थंडपणे पाहिले आणि विषय मिटवला. पॅरिसमध्ये वृद्ध लुई पाश्चर यांनी मात्र नव्या इन्स्टिट्यूटमध्ये त्यांना स्वतंत्र प्रयोगशाळा देऊ केली. १८८८ पासून अखेरपर्यंत, म्हणजे अठ्ठावीस वर्षे, तीच त्यांची कर्मभूमी झाली.

या स्थलांतराचा एक धागा थेट मुंबईपर्यंत येतो. ओडेसातील त्यांचा एक ज्यू विद्यार्थी गुरूच्या मागोमाग पॅरिसला आला आणि पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये आधी ग्रंथपालाच्या कामावर रुजू झाला. त्याचे नाव वाल्डेमार हाफकिन. कॉलऱ्याची लस तयार करून तो १८९३ मध्ये कलकत्त्याला आला. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग उसळला तेव्हा ग्रँट मेडिकल कॉलेजच्या एका खोलीत त्याने प्लेगची लस बनवली आणि १० जानेवारी १८९७ रोजी प्रथम स्वतःला टोचून घेतली. स्वतःच्या देहावर प्रयोग करण्याचा धडा त्याला कोणाच्या सहवासात मिळाला, हे वेगळे सांगायला नको. परळच्या जुन्या गव्हर्नर्स बंगल्यातील संस्थेला १९२५ पासून हाफकिनचे नाव आहे. त्या वास्तूवरून रोज जाणाऱ्या मुंबईकरांपैकी फार थोड्यांना त्याच्या गुरूचे नाव ठाऊक असेल.

पॅरिसमध्ये १८९१ साली मेचनिकॉफ यांनी दाहाच्या तौलनिक रोगशास्त्रावर व्याख्यानमाला दिली आणि पुढल्या वर्षी ती ग्रंथरूपाने आली. अमीबापासून सस्तन प्राण्यांपर्यंत एकेका पायरीने वर चढत त्यांनी दाखवले की एकपेशीय जिवाचे भक्षणच पुढे बहुपेशीय देहाचे संरक्षण बनले. रक्तवाहिन्या उत्क्रांतीत नंतर आल्या. पेशींना इजेच्या जागी लवकर पोचता यावे म्हणून त्या या कामी जुंपल्या गेल्या. लाली आणि सूज ही त्या धावपळीची केवळ बाह्य खूण. भक्षक पेशींतही त्यांनी दोन वर्ग पाडले. मोठ्या पेशींना त्यांनी मॅक्रोफेज हे नाव दिले. ते आजही चालते.

जर्मन जंतुशास्त्रज्ञ या मताचे कट्टर विरोधक होते. संरक्षण करतो तो रक्ताचा द्रव, पेशी नव्हेत, असे त्यांचे म्हणणे होते. बेरिंग यांनी घटसर्पावरील रक्तलस दाखवली, फायफर यांनी १८९४ मध्ये गिनिपिगच्या पोटातील द्रवात कॉलऱ्याचे जंतू विरघळताना दाखवले आणि प्रत्येक वेळी मेचनिकॉफ यांच्यावर नवा खुलासा देण्याची पाळी आली. ते सभांमध्ये केस विस्कटून, घामाघूम होऊन भांडत. त्यांच्या काही खुलाशांत ताणाताण होती, हेही खरे. अखेर दोन्ही बाजू अर्ध्या अर्ध्या बरोबर ठरल्या. लंडनच्या आल्मरॉथ राइट यांनी १९०३ मध्ये दाखवले की रक्तातील काही द्रव्ये जंतूंना भक्षक पेशींसाठी जणू रुचकर बनवतात. १९०८ चे नोबेल पारितोषिक भक्षक पेशींचे मेचनिकॉफ आणि रक्तद्रव्यांचे पॉल एर्लिख यांना विभागून मिळाले. त्याच डिसेंबरात, पारितोषिक समारंभानंतर तीन आठवडेही झाले नव्हते, तोच भूकंपाने मेसिना शहर जमीनदोस्त झाले.

आतड्यातील शत्रू

नोबेल मिळाले तोवर मेचनिकॉफ यांचे मन दाहावरून उडून पार दुसरीकडे गेले होते. त्याची सुरुवात कॉलऱ्याने झाली. १८९२ मध्ये फ्रान्समध्ये साथ आली तेव्हा त्यांनी कॉलऱ्याच्या जंतूंचा पेला स्वतः पिऊन पाहिला. काहीच झाले नाही. मग प्रयोगशाळेतील इतर काहींनी तो घेतला. त्यांतला एक मात्र कॉलऱ्याने अगदी मरणाच्या दारी पोचला. आजच्या कोणत्याही नीतिसमितीने या प्रयोगाला परवानगी दिली नसती. हादरलेल्या मेचनिकॉफ यांना पडलेला प्रश्न मात्र नेमका होता. तेच जंतू, मग एकाला काही नाही आणि दुसरा मरणासन्न, असे का? प्रयोगशाळेतील बशीत त्यांना आढळले की काही जिवाणूंच्या शेजारी कॉलऱ्याचे जंतू फोफावतात, तर काहींच्या शेजारी खुंटतात. म्हणजे रोग होणे न होणे हे आतड्यात आधीपासून वस्तीला असलेल्यांवर अवलंबून असू शकते.

येथून ते म्हातारपणाकडे वळले. १९०३ च्या मानवी प्रकृतीवरील ग्रंथात त्यांनी वार्धक्याच्या अभ्यासाला जेरंटॉलॉजी हे नाव दिले. म्हातारपण हा नैसर्गिक क्रम नसून एक प्रकारचा विकार आहे, असा त्यांचा दावा होता. मोठ्या आतड्यात कुजवणारे जिवाणू प्रथिनांपासून फिनॉल, इंडोल यांसारखी विषे तयार करतात. ती रक्तात मुरतात, उतींची झीज करतात आणि भक्षक पेशी मग या झिजलेल्या उतींवरच तुटून पडतात. मोठे आतडे हा उत्क्रांतीने मागे ठेवलेला निरुपयोगी वारसा आहे, अशी त्यांची खात्री झाली. ज्या पेशींना त्यांनी आयुष्यभर देहाचे रक्षक ठरवले, त्याच येथे घरभेदी झाल्या होत्या. ज्याला स्वतःच्या सिद्धान्ताची एवढी उलथापालथ सोसता येते, असा शास्त्रज्ञ विरळाच.

उपाय त्यांना दुधात सापडला. दूध आंबते, पण मांसाप्रमाणे कुजत नाही, कारण त्यातील जिवाणू शर्करेपासून लॅक्टिक आम्ल बनवतात आणि कुजवणाऱ्या जिवाणूंना आम्ल मानवत नाही. बल्गेरियात दीर्घायुषी शेतकरी पुष्कळ आणि त्यांच्या आहारात आंबवलेले दूध भरपूर, हे त्यांच्या कानी आले होते. त्या दुधातील जिवाणू स्टामेन ग्रिगोरोव्ह या बल्गेरियन विद्यार्थ्याने १९०५ मध्ये जिनिव्हात वेगळा केला. त्याआधीच, १९०४ मध्ये, मेचनिकॉफ यांनी पॅरिसमध्ये वार्धक्यावर जाहीर व्याख्यान दिले आणि वृत्तपत्रांनी ते उचलून धरले. आंबवलेले दूध म्हणजे तारुण्याचे अमृत, असा बोभाटा झाला. औषधांच्या दुकानांत विरजणाच्या गोळ्या विकल्या जाऊ लागल्या, आणि त्यांचे नाव लावून माल विकणाऱ्या एका कंपनीमुळे त्यांच्यावर नफेखोरीचे आरोपही झाले. त्यांनी स्वतः १८९८ पासून, म्हणजे वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षापासून, रोज आंबवलेले दूध घेतले आणि कच्चे अन्न वर्ज्य केले. ज्या घरात रोज रात्री विरजण लागते आणि जेवण ताकावर संपते, तेथील वाचकाला या गोंधळाची मौज वाटेल.

मौजेची नव्हती ती शस्त्रक्रिया. आतडे विष पसरवते हे मत त्या काळी इतके बळावले की लंडनचे नामांकित शल्यविशारद आर्बथनॉट लेन बद्धकोष्ठाच्या रोग्यांची मोठी आतडीच कापून काढू लागले. त्यांत काही रोगी प्राणास मुकले. मेचनिकॉफ यांचा भर सुरीपेक्षा विरजणावर होता. मात्र मोठे आतडे निरुपयोगी आहे, हे ठामपणे जगाला सांगणाऱ्यांत तेच अग्रभागी होते. या दायित्वातून त्यांना पूर्णपणे मुक्त करता येत नाही.

साखरेचे कोडे

त्यांच्या अखेरच्या वर्षांतील एक शोधयात्रा दह्याच्या गाजावाजात झाकोळली गेली आणि आजच्या दृष्टीने तीच सर्वांत महत्त्वाची आहे. लॅक्टिक जिवाणू आतड्यात नुसते पाठवून भागत नाही. त्यांना तेथे शर्करा मिळायला हवी. पण आपण खातो ती साखर लहान आतड्यातच शोषली जाते, मोठ्या आतड्यापर्यंत पोचतच नाही. तेथे उरतात ती प्रथिने, आणि मग कुजवणाऱ्यांचे फावते. मोठ्या आतड्यात शर्करा पोचवायची कशी? मेचनिकॉफ आणि त्यांचे सहकारी यूजीन वोलमन यांनी कुत्र्याच्या आतड्यातून एक जिवाणू शोधून काढला. तो पिष्टापासून शर्करा बनवतो, पण प्रथिनांना कुजवत नाही. त्याला त्यांनी ग्लायकोबॅक्टर म्हटले. बटाट्यासारखे पिष्टमय अन्न आणि हा जिवाणू एकत्र दिल्यास शर्करा जागेवरच तयार होईल आणि लॅक्टिक जिवाणूंना खाद्य मिळेल, अशी योजना होती. प्रयोगात सहभागी झालेल्यांच्या लघवीतील फिनॉल आणि इंडोल मोजून ते परिणाम पाहत. जिवाणूंना बाहेरून पाठवण्यापेक्षा आतल्यांना योग्य खाद्य पुरवावे, या विचाराच्या ते उंबरठ्यापर्यंत आले होते.

उंबरठा मात्र ओलांडला गेला नाही. १९१३ मध्ये त्यांना हृदयविकाराचा पहिला झटका आला. १९१४ मध्ये महायुद्ध सुरू झाले, तरुण सहकारी आघाडीवर गेले, प्रयोगशाळा ओस पडली. माणसाच्या प्रगतीवर विश्वास ठेवून आशावादी ग्रंथ लिहिणाऱ्या या माणसाला युरोपचा तो रक्तपात पाहवला नाही. १५ जुलै १९१६ रोजी पॅरिसमध्ये त्यांचे निधन झाले. वय होते एकाहत्तर. दीर्घायुष्याच्या पुरस्कर्त्याला हे आयुष्य अपुरे वाटणार, याची त्यांना जाणीव होती. आपल्या घराण्यात कोणीच फार जगले नाही आणि पथ्य आपण उशिरा सुरू केले, असा खुलासा ते आधीच करून गेले होते. शवविच्छेदन करून आतड्यांकडे विशेष लक्ष द्यावे, असे त्यांनी शेवटच्या दिवसांत एका सहकाऱ्याला बजावले होते. त्यांचा रक्षाकलश पाश्चर इन्स्टिट्यूटच्या ग्रंथालयात ठेवण्यात आला.

त्यांच्यामागे

अमेरिकेतील येल विद्यापीठात रेटगर आणि चेप्लिन यांनी १९२१ मध्ये दाखवून दिले की बल्गेरियन जिवाणू माणसाच्या आतड्यात मुळी वस्तीच करत नाही. मात्र दुग्धशर्करा किंवा डेक्स्ट्रिन भरपूर दिल्यास आतड्यातील मूळच्या आम्लकारक जिवाणूंची संख्या वाढते. मेचनिकॉफ यांचे विरजण चुकले आणि साखरेचा तर्क टिकला. स्वतः त्यांच्याच संस्थेतील आंरी तिसिए यांनी १९०० च्या सुमारास अंगावर पिणाऱ्या बालकांच्या आतड्यात दुफाटी बिफिडो जिवाणूंचे राज्य पाहिले होते. त्याचे कारण पॉल जर्जी यांनी १९५० च्या दशकात शोधले. मातेच्या दुधात काही विशिष्ट संयुक्त शर्करा असतात. बाळाला त्या पचतच नाहीत, त्या बिफिडो जिवाणूंसाठीच असतात. आईच्या दुधातील घन पदार्थांत दुग्धशर्करा आणि स्निग्धांश यांच्या खालोखाल वाटा या शर्करांचा आहे. १९५७ मध्ये पेट्युएली यांनी लॅक्ट्युलोज या दुग्धशर्करेपासून बनणाऱ्या आणि माणसाला न पचणाऱ्या शर्करेचा तसाच गुण दाखवला. अशा खाद्याला प्रीबायोटिक हे नाव मिळाले ते १९९५ मध्ये, गिब्सन आणि रॉबरफ्रॉइड यांच्या लेखात. कांदा, लसूण, गहू आणि चिकोरीच्या मुळांतील फ्रुक्टान याच कुळातील.

मोठे आतडे निरुपयोगी नाही, हेही याच वाटेने कळले. तेथील जिवाणू न पचलेली शर्करा आंबवून अॅसिटेट, प्रोपिओनेट आणि ब्युटिरेट ही आम्ले तयार करतात. ब्युटिरेट हे आतड्याच्या अस्तरातील पेशींचे मुख्य इंधन आहे. २०१४ मध्ये उंदरांवर झालेल्या एका अभ्यासात दिसले की ते आतड्यातील मॅक्रोफेजांनाही शांत ठेवते. मेचनिकॉफ यांच्या आयुष्यातील दोन अध्याय, भक्षक पेशी आणि आतड्यातील जिवाणू, ते स्वतः ज्या प्रकारे जोडू शकले नव्हते, त्या प्रकारे येथे एकत्र आले.

क्रोन आणि अल्सरेटिव्ह कोलायटिस या आतड्याच्या दाहाच्या विकारांत नेमके हेच बिनसते. संरक्षणासाठी धावणाऱ्या पेशी परततच नाहीत. मॅक्रोफेज टीएनएफ नावाचे द्रव्य सोडत राहतात आणि आतड्याची भिंत व्रणांनी भरून जाते. हे द्रव्य अडवणारे इन्फ्लिक्सिमॅब हे औषध १९९८ मध्ये अमेरिकेत क्रोनच्या रोग्यांसाठी मंजूर झाले. साखरेने हे साधेल का, हेही पाहून झाले. २०११ मध्ये ब्रिटनमधील संशोधकांनी क्रोनच्या १०३ रोग्यांपैकी काहींना चार आठवडे रोज १५ ग्रॅम फ्रुक्टो-ऑलिगोसॅकराइड दिले, इतरांना तशीच दिसणारी निष्क्रिय पूड दिली. दोन्ही गटांत फरक आढळला नाही. शर्करा घेणाऱ्यांपैकी अधिक जणांनी चाचणी मध्येच सोडली. त्यानंतर कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठातील संशोधकांना काही रोग्यांच्या बाबतीत याचे एक संभाव्य कारण सापडले. ती शर्करा आंबवणारे जिवाणूच ज्यांच्या आतड्यात उरलेले नसतात, त्यांच्यात न आंबलेला फ्रुक्टान तसाच राहतो आणि प्रतिकारपेशींना उलट चिथावतो. कोणत्या रोग्याच्या आतड्यात कोणते जिवाणू शिल्लक आहेत, हे आधी पाहून मगच कोणाला कोणती शर्करा द्यायची ते ठरवण्याच्या दिशेने आता प्रयोगशाळांतून काम सुरू आहे.